पेशींना रविवार नसतो



आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तिथल्या घराघरांत बेण्याची लगबग सुरू होते. बटाट्याचे पीक शेतकरी बियांपासून घेत नाहीत, बटाट्यापासूनच घेतात, हे तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. बेणे कापून लावायचे असेल, तर घरातली जाणती माणसे एक गोष्ट बजावतात: प्रत्येक फोडीवर निदान एक तरी डोळा आला पाहिजे. बिनडोळ्याची फोड मातीत नुसती कुजते. डोळा असलेल्या फोडीला मात्र कोंब येतो, मुळे फुटतात, पाने येतात आणि काही महिन्यांत त्याच जातीचे नवे बटाटे हाती लागतात.

या डोळ्यात असे काय बरे असते? बटाट्याचा बाकीचा गर म्हणजे पिठाची कोठारेच. त्या पेशींचे काम ठरून गेलेले असते. डोळ्यातल्या पेशींचे मात्र काहीच ठरलेले नसते. त्यांच्यापासून पान होऊ शकते, खोड होऊ शकते, मूळही होऊ शकते. काम अजून न ठरलेल्या पेशी शिल्लक आहेत, म्हणूनच फोडीतून रोप उभे राहते.

आता प्रश्न असा, की आपल्या शरीरात असे ‘डोळे’ आहेत काय?

आहेत. गुडघा खरचटला तर आठवड्याभरात नवी कातडी येते. ती येते कुठून? कातडीच्या तळाशी अशा पेशींचा एक थर असतो. आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते, तेही अशाच पेशींमुळे. पण सगळ्यांत मोठा कारखाना आहे हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. त्याचा आवाका समजण्यासाठी एक हिशेब करू. मोठ्या माणसाच्या रक्तात सुमारे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. एक तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे १२० दिवसांत सगळ्याच्या सगळ्या पेशी बदलल्या पाहिजेत. १२० दिवसांचे सेकंद होतात १ कोटी ३ लाख ६८ हजार. भागाकार करून पाहा. दर सेकंदाला सुमारे २४ लाख नव्या तांबड्या पेशी! हे वाक्य तुम्ही वाचून संपवीपर्यंत तुमच्या मगजाने लाखो पेशी रक्तात सोडल्यासुद्धा.

हा कारखाना ज्या थोड्या पेशींच्या जिवावर चालतो त्यांना मूलपेशी म्हणतात. इंग्रजीतला ‘स्टेम सेल’ हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रांत वाचला असेल, तो याच पेशींसाठी. मूलपेशीचे दोन गुण लक्षात ठेवा. एक म्हणजे ती विभागून स्वतःसारखी दुसरी मूलपेशी तयार करते. दुसरा म्हणजे ती विभागून निराळ्या, ठराविक कामाच्या पेशीही तयार करते. हुशार शेतकरी सगळे पीक बाजारात नेत नाही, पुढच्या हंगामाचे बेणे बाजूला काढून ठेवतो. मूलपेशी हेच करते.

तोरांतोचा एक रविवार

मगजात अशा पेशी असल्या पाहिजेत असा तर्क शास्त्रज्ञांनी बराच आधी केला होता. पण तर्क आणि पुरावा यांत अंतर असते. पुरावा मिळाला तो कॅनडातल्या टोरांटो शहरात. अर्नेस्ट मॅकलक हे वैद्य आणि जेम्स टिल हे भौतिकशास्त्रज्ञ, अशी ही जोडी. किरणांच्या माऱ्याने उंदरांचा मगज निकामी करायचा, मग त्यांना दुसऱ्या उंदरांच्या मगजातल्या पेशी टोचायच्या आणि किती पेशी दिल्या म्हणजे उंदीर वाचतो ते मोजायचे, असा त्यांचा प्रयोग चालला होता.

पेशी टोचून दहा दिवस झाले, तो दिवस नेमका रविवार निघाला. मॅकलक तरीही प्रयोगशाळेत गेले. उंदरांच्या प्लीहा त्यांनी तपासल्या, तर त्यांवर बारीक बारीक गाठी! कुणी दुसरा असता तर ‘काही तरी रोग दिसतो’ म्हणून पुढे गेला असता. मॅकलक यांनी गाठी मोजल्या आणि आलेखाच्या कागदावर मांडल्या. जितक्या पेशी जास्त टोचलेल्या, तितक्या गाठी जास्त. मगजाच्या सुमारे दहा हजार पेशींमागे एक गाठ पडत होती. एकाच गाठीत तांबड्या पेशी होत्या, पांढऱ्या पेशी होत्या, रक्त गोठविण्यास लागणाऱ्या बिंबिकांच्या जननपेशीही होत्या. हे काम १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक गाठ म्हणजे एकाच पेशीची प्रजा, हेही १९६३ पर्यंत त्याच गटाने दाखवून दिले.

रविवारची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. ती पुढे पुन्हा येणार आहे.

मगज एकाचा, रक्त दुसऱ्याचे

मूलपेशींचा पहिला खरा उपयोग रक्ताच्या रोगांवर झाला. रक्ताच्या कर्करोगात मगजाचा कारखानाच बिघडतो. तेव्हा तो बिघडलेला मगज औषधांनी आणि किरणांनी नष्ट करायचा आणि निरोगी माणसाच्या कमरेच्या हाडातून काढलेला मगज रोग्याला द्यायचा, अशी ही उपचारपद्धती. गंमत अशी, की हा मगज हाडात भरावा लागत नाही. रक्त चढवतात तसा तो शिरेतून चढवायचा. मूलपेशी रक्तातून फिरतात आणि आपली जागा आपणच शोधून हाडांत जाऊन बसतात! त्यानंतरचे दोन-चार आठवडे मात्र रोग्याचे नातेवाईक आणि डॉक्टर श्वास रोखून रक्ततपासणीच्या आकड्यांकडे पाहत असतात.

आपल्या देशात हे धाडस पहिल्यांदा झाले मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, १९८३ मध्ये. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी लहानपणी पोलिओने अधू झालेले. चाकांच्या खुर्चीत बसूनच त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि रोगी तपासले.

यात अडचण असते ती मगज जुळण्याची. सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा मगज जुळण्याची शक्यता चारांत एक इतकीच. घर लहान असले तर जुळणारा दाता घरात न सापडण्याचीच शक्यता अधिक. म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष आणखी एका रक्ताकडे गेले. बाळ जन्मल्यावर नाळ कापतात आणि वार टाकून देतात. त्या नाळेत आणि वारेत जे रक्त उरते त्यातही मूलपेशी असतात. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी अशा रक्ताचा पहिला उपयोग एका मुलासाठी केला. पण एका नाळेतून मिळून मिळून मिळणार किती? साधारण शंभर मिलिलिटर, कधी त्याहूनही कमी. मोठ्या माणसाला तेवढ्या पेशी सहसा पुरत नाहीत. म्हणून त्यातली एकेक पेशी मोलाची.

आता आपण आपल्या जवळ येऊ. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय दुर्बिणी तुम्ही पाहिल्याच असतील. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात आपला प्रयोग घेऊन गेलेलेही तुमच्यात असतील. या दुर्बिणी चालविणाऱ्या संस्थेचे मुख्य कार्यालय पुण्यात, गणेशखिंडीच्या विद्यापीठाच्या आवारात आहे. मंचरहून ते सुमारे साठ किलोमीटर. त्याच आवारात आणखी एक राष्ट्रीय संस्था आहे, तिचे नाव राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. एक संस्था अब्जावधी मैलांवरचे पाहते, दुसरी मिलिमीटरच्या शंभराव्या भागातले! १९८६ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा प्राण्यांच्या पेशी वाढवून, जपून, देशभरच्या संशोधकांना पुरविणे हेच तिचे मुख्य काम होते. पेशींची बेणे-पेढीच म्हणा ना. आजही तिथून पेशी देशभर जातात. मगजातल्या आणि नाळेतल्या मूलपेशींवर इथे बरेच काम झाले. त्यातला एक प्रयोग पुढे सांगतो. त्याआधी अशा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो ते पाहू.

खुरपणी, पाणी आणि पुनर्लागवड

‘शास्त्रज्ञ’ म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे फळ्यावर समीकरणे लिहिणारा किंवा रंगीत नळ्या हलविणारा माणूस येतो. मूलपेशींच्या प्रयोगशाळेतला तज्ज्ञ यांपैकी कोणासारखाच दिसत नाही. मला तर तो एखाद्या रोपवाटिकेच्या मालकासारखा वाटतो.

सकाळी आल्याबरोबर तो पहिल्यांदा उबवण-पेटी, म्हणजे इन्क्युबेटर पाहतो. तिच्यात ३७ अंश सेल्सियस तापमान, भरपूर दमट हवा आणि शेकडा पाच कार्बन डायॉक्साइड असावा लागतो. पेटीतल्या बशांमध्ये पेशी असतात आणि त्यांवर पोषक द्रव असते. या द्रवात शर्करा, क्षार, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि वाढीस लागणारी प्रथिने असतात, शिवाय फिनॉल रेड नावाचा रंगही असतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते ना, तसाच हा रंग आम्लता दाखवितो. द्रव तांबूस असेल तर ठीक. पिवळे पडू लागले की समजावे, पेशींनी अन्न संपविले आणि आम्ल सोडले. जांभळट गुलाबी झाले तर पेटीतल्या वायूचे काही तरी बिघडले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यापूर्वीच हा रंग अर्धी हकीकत सांगतो.

मग बशी सूक्ष्मदर्शकाखाली जाते. मानवी भ्रूणमूलपेशी घोळक्याने वाढतात. चांगला घोळका दाट, सपाट आणि रेखीव कडेचा असतो. कडेच्या पेशी पसरू लागल्या, लांबट दिसू लागल्या, की त्यांचे ‘ठरले’. त्या मूलपेशी राहिल्या नाहीत. अशा पेशी पिपेटच्या टोकाने हलकेच खरवडून काढून टाकायच्या. ही झाली खुरपणी! मग जुने द्रव शोषून घ्यायचे आणि नवे घालायचे. चार-सहा दिवसांत बशी भरून जाते. गादीवाफ्यावरची कांद्याची रोपे दाटली की उपटून शेतात लावतात, तसे पेशींचे छोटे छोटे पुंजके नव्या बशांत लावायचे. मानवी भ्रूणमूलपेशी अगदी सुट्या केल्या तर बहुतेक मरतात. त्यांना सोबत लागते. २००७ मध्ये जपानी संशोधकांना अशा सुट्या पेशींना तगवून धरणारे एक रसायन सापडले, तेव्हा कुठे हे काम थोडे सोपे झाले.

द्रव बदलण्याचे काम रोजचे. रोजचे म्हणजे रोजचे. दिवाळीतही, रविवारीही. गोठ्यातल्या गाईला जसे ‘आज सुट्टी आहे, उद्या चारा घालतो’ असे सांगता येत नाही, तसेच हे. दुधाच्या धंद्याच्या घरातली मुले हे पटकन समजतील. अलीकडे एखादा दिवस निभावून नेणारी द्रवेही निघाली आहेत, पण प्रयोगशाळेच्या दारावर सुट्टीच्या पाळ्यांचा कागद चिकटवलेला असतोच.

या सगळ्याच्या मुळाशी असते ती स्वच्छता. पेशींचे पोषक द्रव म्हणजे जंतूंना पंचपक्वान्नांचे ताट. माणसाच्या पेशी सुमारे दीड दिवसात दुप्पट होतात, तर काही जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. शर्यत कोण जिंकणार? म्हणून पेशींचे काम गाळलेल्या हवेच्या कपाटात चालते. हातमोज्यांवर, बाटल्यांवर, सगळ्यांवर ७० टक्के अल्कोहोल फवारतात. शुद्ध अल्कोहोल का नाही, असे तुम्ही विचाराल. शुद्ध अल्कोहोल चटकन उडून जाते आणि जंतूच्या बाहेरच्या थरातली प्रथिने घट्ट करते, आत नीट शिरत नाही. थोडे पाणी असले म्हणजे ते आत शिरून काम पुरे करते.

बुरशी आली तर निदान डोळ्यांना दिसते. मायकोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जंतू त्याहून वाईट. त्यांना पेशीभित्ती नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्यांचे काही बिघडवीत नाही, आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसतही नाहीत. द्रव गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत, फक्त त्यांचे वागणे बदलते. महिनोन्‌महिने प्रयोग होतात, आकडे मिळतात, आणि सगळे चुकीचे! म्हणून त्यांची तपासणी ठरलेल्या दिवशी करावीच लागते.

पेशी मोजाव्याही लागतात. त्यासाठी एक खास काच असते. तिच्यावरच्या एका मोठ्या चौकोनाची लांबी १ मिमी, रुंदी १ मिमी आणि द्रवाची खोली ०.१ मिमी. म्हणजे एका चौकोनात मिलिलिटरचा दहा हजारावा भाग मावतो. पेशींच्या द्रवात तेवढेच ट्रायपॅन ब्ल्यू हे निळे रंगद्रव्य मिसळायचे. मेलेली पेशी रंग आत घेते आणि निळी होते, जिवंत पेशी त्याला बाहेरच ठेवते. समजा, चार चौकोनांत मिळून १६८ जिवंत आणि ८ मेलेल्या पेशी दिसल्या. सरासरी ४२, रंग मिसळल्यामुळे दोनाने गुणायचे, मग दहा हजारांनी. एका मिलिलिटरमध्ये ८ लाख ४० हजार जिवंत पेशी. शेकडा किती जिवंत, ते तुम्हीच काढा.

हळू गोठवा, झटपट वितळवा

सगळ्या पेशी कायम वाढवीत ठेवणे परवडत नाही. शिवाय फार पिढ्या वाढविल्या की त्यांच्या गुणसूत्रांत बिघाड होऊ लागतात. म्हणून चांगल्या पेशी गोठवून ठेवतात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. हे नायट्रोजनचे भांडे तुम्हांला अनोळखी नाही. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी येणाऱ्या डॉक्टरांकडे थर्मासच्या जातीचे जाड भांडे असते, झाकण काढले की पांढरे धुके खाली सांडते, तेच ते. गोठ्यात आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत युक्ती एकच आहे: इतक्या थंडीत जीवनाच्या सर्व रासायनिक क्रिया थांबतात.

पण थांबविणे सोपे, पुन्हा सुरू करणे अवघड. पाण्याचा बर्फ झाला की त्याचे टोकदार स्फटिक पेशीला आतून फोडतात. शिवाय पेशीबाहेरच्या पाण्याचा बर्फ होताच उरलेल्या द्रवातले क्षार दाट होतात, तेही घातक. म्हणून द्रवात शेकडा दहाच्या सुमारास डायमिथाइल सल्फॉक्साइड मिसळतात आणि तापमान मिनिटाला फक्त एक अंश या गतीने उतरवितात. त्यामुळे पेशीतले पाणी हळूहळू बाहेर निघून जायला अवसर मिळतो. वितळवताना मात्र उलट: कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरायची, बर्फाचा लहानसा खडा उरला की बाहेर काढायची आणि ते रसायन लवकर पातळ करायचे, कारण उबेत ते पेशींना बाधते.

तरीही काही पेशी मरतातच. शंभर मिलिलिटर नाळेतल्या रक्तातून मिळालेल्या पेशींपैकी काही अशा गेल्या तर रोग्याच्या वाट्याला काय उरणार? वर म्हटलेला पुण्याचा प्रयोग इथे येतो. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांनी गोठविण्याच्या नेहमीच्या द्रवात आणखी काही पदार्थ घालून पाहिले. त्यांतले दोन सांगतो. एक ट्रेहॅलोज ही साखर. किण्वात आणि वाळूनही जिवंत राहणाऱ्या कित्येक जीवांत ती सापडते. ती पेशीच्या पातळ आवरणाला सावरून धरते. दुसरे कॅटलेज हे विकर. गोठण-वितळणीच्या ताणात पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जहाल पदार्थ तयार होतात, त्यांचे ते पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की फेस येतो, हा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. तो फेस आणणारे कॅटलेजच! २००१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की या पदार्थांमुळे रक्ताच्या मूलपेशी गोठण्यातून अधिक चांगल्या बचावतात. असल्या बातम्यांना वर्तमानपत्रात मोठा मथळा मिळत नाही. पण जिथे एकेक पेशी मोलाची, तिथे असली सुधारणाच कामी येते.

चिठ्ठीवरचे नाव

गोठवलेल्या कुप्या सगळ्या सारख्याच दिसतात. फरक फक्त चिठ्ठीचा. प्रस्तुत लेखकाने एका प्रयोगशाळेत पाहिलेला प्रसंग सांगतो. साध्या शाईने लिहिलेल्या दोन कुप्यांवर नेहमीप्रमाणे अल्कोहोल फवारले आणि दोन्ही नावे धुऊन गेली. पेशी जिवंत होत्या, उत्तम होत्या. पण कोणत्या कोणाच्या? तीन महिन्यांचे काम टाकून द्यावे लागले. टाकणारी मुलगी रडत नव्हती, पण दिवसभर कोणाशी बोललीही नाही. माझ्या मते तिने त्या दिवशी फार मोठे काम केले. ‘बहुधा ही अमुकच असावी’ असे म्हणून पुढे जाणे तिला सहज शक्य होते.

तसे पुढे गेलेल्यांचे काय होते, याचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्‍रिएटा लॅक्स या रोगी बाईच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. ‘हीला’ या नावाने त्या प्रयोगशाळांतून वाढविल्या गेल्या. त्या इतक्या जोमाच्या, की एखादा थेंब चुकून दुसऱ्या बाटलीत पडला तर मूळच्या पेशींना मागे टाकून बाटली व्यापून टाकत. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी निरनिराळ्या नावांच्या १८ पेशीवाणांची तपासणी केली, तर त्या सगळ्या हीलाच असल्याची चिन्हे दिसली! कोणी आतड्याच्या पेशी म्हणून, कोणी आणखी कसल्या म्हणून त्यांवर वर्षानुवर्षे संशोधन केले होते. आज पेशींची ओळख डीएनएच्या ठशावरून पटवून घेतात.

हेन्‍रिएटा यांना विचारले गेले नाही, ही दुसरी चूक. मानवी मूलपेशींच्या कामात आज संमतीवाचून पाऊल टाकता येत नाही. मानवी भ्रूणमूलपेशी पहिल्यांदा वेगळ्या केल्या अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी, १९९८ मध्ये. त्या काही दिवसांच्या भ्रूणापासून मिळतात. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांकडे उपयोगात न येणारे भ्रूण उरतात, ते त्यांनी संशोधनासाठी स्वखुशीने दिले तरच घ्यायचे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने असेच दोन भारतीय पेशीवाण तयार केले आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध केले. काइंड-१ आणि काइंड-२ अशी त्यांची नावे. या पेशींना वाढताना खाली दुसऱ्या पेशींचा थर लागतो, दाईसारखा. बहुतेक ठिकाणी तो उंदराच्या पेशींचा असे. या संस्थेने तो मानवी पेशींचाच, आणि तोही घरच्या घरी केला. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी आणखीच नवल केले. उंदराच्या कातडीतल्या, काम ठरून गेलेल्या पेशीत चार जनुके घालून त्यांनी तिला पुन्हा मूलपेशीसारखी केली, आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीतही ते साधले. म्हणजे बटाट्याच्या बिनडोळ्याच्या फोडीला डोळा आणला म्हणायचे! २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढे वाचून तुम्हांला वाटेल, मग आता सगळे रोग बरे होणार. थांबा. ‘मूलपेशींनी मतिमंदत्व, अर्धांगवायू, मधुमेह बरा’ अशा जाहिराती तुमच्या गावापर्यंत पोचल्या असतील. शेत गहाण टाकून आजारी मुलाला घेऊन जाणारे आईबाप त्यांना भुलतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २००७ मध्ये या कामाचे नियम आखले, २०१३ आणि २०१७ मध्ये ते सुधारले. त्यात स्पष्ट सांगितले आहे, की रक्ताच्या ठराविक रोगांसाठी होणारे मगज-रोपण सोडले तर मूलपेशींचा इतर उपयोग रीतसर परवानगीच्या चाचणीतच करायचा, आणि अशा चाचणीसाठी रोग्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. पुढच्या काळात सिद्ध झालेल्या उपचारांची यादी वाढेल. तोवर पैसे मागणाऱ्याला ‘चाचणीची नोंदणी दाखवा’ असे विचारायला घाबरू नका. गावात वाचता येणारे तुम्हीच आहात.

या कामात यायचे असेल तर बारावीला जीवशास्त्र ठेवा. मंचरला, जुन्नरला विज्ञानाची महाविद्यालये आहेत. तिथे प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन यांपैकी जे मिळेल त्यात पाया पक्का करा. पुढे एम.एस्सी. करून प्रकल्प साहाय्यक किंवा तंत्रज्ञ म्हणून प्रयोगशाळेत शिरता येते, किंवा राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन पीएच.डी.कडे वळता येते. प्रकल्पाच्या नोकऱ्या बहुधा दोन-तीन वर्षांच्या असतात आणि पगार बेताचा, हे आधीच सांगून ठेवतो. इंग्रजीची भीती बाळगू नका, ती वर्षाभरात जाते. हात मात्र आजपासून तयार करता येतो, तो असा.

घरी करून पाहा

विरजण लावणे म्हणजे एक प्रकारचे जंतूंचे संवर्धनच. दोन सारख्या वाट्या घ्या. दोन्हींत उकळून कोमट केलेले दूध मोजून दहा दहा चमचे घाला. ‘अ’ वाटीत उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून गार केलेल्या चमच्याने एक चमचा विरजण लावा, ‘ब’ वाटीत साध्या चमच्याने. दोन्ही झाकून एकाच जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी ‘अ’चे एक चमचा दही नव्या दुधाच्या नव्या ‘अ’ वाटीत, ‘ब’चे नव्या ‘ब’ वाटीत, त्याच त्याच पद्धतीने. असे चौदा दिवस चालू द्या.

वहीत रोज लिहा: तारीख, वेळ, कितवी पिढी, दही लागायला किती तास लागले, वास, रंग, वर पाणी सुटले का, खोलीतले तापमान. वाट्यांवरची नावे पाण्याने पुसली जाणार नाहीत अशी लिहा. शेवटच्या दिवसांतले दही चाखू नका, नुसते पाहा. एखादा दिवस चुकला तर तोही तसाच नोंदवा, मागून भरू नका. चौदा दिवसांत दोन रविवार येतील.